शुगर आटोक्यात, कोलेस्टेरॉल 'नॉर्मल', मग स्टॅटिन कशाला?

तुमचं एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) ६.८ आहे, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) रिपोर्टवर छापलेल्या मर्यादेत आहे, तरी डॉक्टरांनी स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) लिहून दिलं म्हणून वैतागून तुम्ही हा प्रश्न विचारला आहे. मी डॉक्टर नाही, पण बरीच वर्षं टाइप २ मधुमेह सांभाळतोय, म्हणून लिहितो.

रिपोर्टवरची मर्यादा सरसकट सगळ्यांसाठी असते. मधुमेहात हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट होतो, त्यामुळे आपल्याला एलडीएल त्याहून बरंच खाली लागतं. चाळिशी उलटलेल्या बहुतेक मधुमेहींना स्टॅटिन देतात ते याच हिशेबाने. त्यात आणखी एक गोम आहे. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की यकृत ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) जास्त सोडतं, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) घटतं आणि एलडीएलचे कण लहान, दाट होतात. एलडीएलचा आकडा तोच, पण कण संख्येने जास्त, आणि धमनीच्या भिंतीत शिरतात ते हे कणच.

नुसत्या शुगरच्या मागे लागून हृदय वाचत नाही. अकॉर्ड या मोठ्या चाचणीत एका गटाचं एचबीए१सी ६ च्या खाली आणायचा चंग बांधला होता. त्या गटात मृत्यू वाढले आणि 2008 मध्ये तो प्रयोग मुदतीआधीच थांबवावा लागला. उलट डेन्मार्कच्या स्टेनो-२ या अभ्यासात लघवीतून अल्ब्युमिन (एक प्रथिन) जाणाऱ्या 160 मधुमेहींपैकी निम्म्यांची शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल आणि राहणीमान यांवर एकदमच काम केलं. सुमारे आठ वर्षांत हृदयविकार, पक्षाघात वगैरे घटना नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या मानाने जवळपास निम्म्यावर आल्या. मला तरी हा पुरावा पुरेसा वाटतो.

स्टॅटिनने शुगर किंचित वाढते हे खरं आहे, पण फायदा त्याहून कितीतरी मोठा. स्नायू दुखू लागले तर डॉक्टरांना सांगा, डोस किंवा औषध बदलता येतं. परस्पर बंद करू नका.

बीपीचा आणि लघवीतल्या अल्ब्युमिनचा तुम्ही उल्लेखच केलेला नाही. दोन्ही तपासून घ्या. सिगारेट असेल तर तिच्याबद्दल वेगळं काय सांगायचं!

आणि हे घरच्यांनाही सांगून ठेवा: मधुमेहात नसा बधिर झाल्या असतील तर हार्ट अटॅकमध्ये छातीत दुखेलच असं नाही. अचानक धाप, दरदरून घाम, मळमळ किंवा कधी नव्हे इतका थकवा आला तर ॲसिडिटी समजून वाट बघू नका, तडक ईसीजीची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा.