जळकं ऑइल वाशांना फासू की परसात पुरू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरीजवळ गाव, घरी मोटारसायकल, चारचाकी, पॉवर टिलर आणि इंजिनाची छोटी होडी. जळकं ऑइल साठून २० लिटरचा कॅन भरलाय. वाळवीसाठी वाशांना फासावं की खड्डा खणून पुरावं? शिवाय जुन्या बॅटऱ्या, ट्यूबलाइट, रंगाचे डबे आणि आंब्याच्या फवारणीच्या रिकाम्या बाटल्या पडून आहेत.

पुरू तर अजिबात नका. आपल्याकडे वर थोडी माती आणि खाली जांभा दगड. खाणीतून नुकताच काढलेला जांभ्याचा चिरा उचलून बघा, करंगळी जाईल एवढ्या नळ्या त्यात आरपार दिसतात. वरून तांब्याभर पाणी ओतलं तर काही वेळात खालून गळायला लागतं. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस याच नळ्यांतून विहिरीच्या झऱ्यांपर्यंत पोचतो आणि खड्ड्यातलं ऑइलही त्याच वाटेने जातं. ते पाण्यावर तरंगतं. पावसाळ्यात पातळी चढली की ते वर येतं, उन्हाळ्यात उतरली की दगडाला चिकटून मागे राहतं आणि पुढच्या पावसात पुन्हा सुटतं. म्हणून एकदा ऑइल शिरलेली विहीर नुसती उपसून साफ होत नाही, दरवर्षी वास येत राहतो.

फासण्याबद्दल लोक सांगतात की वाळवी लागत नाही. पण ऑइल लाकडाच्या वरच्या थरातच राहतं आणि वाळवी खालून, भेगेतून, आतल्या आत चढते. शिवाय जळकं ऑइल म्हणजे नव्या ऑइलचा नुसता काळा रंग नव्हे. त्यात इंजिनाच्या झिजेचे धातू, अर्धवट जळलेलं इंधन आणि कर्करोगाशी संबंध असलेली जळणातली संयुगं असतात. हाताला रोज लागत राहिलं तर कातडीला धोका आहे. चुलीवरच्या वाशांना तर लावूच नये, आगीला आयतं खाद्य. सेंट्रिंगच्या फळ्यांनाही हेच ऑइल फासतात. त्याने काँक्रीटवर डाग पडतात, वर प्लास्टर नीट धरत नाही आणि पावसात फळ्यांवरचं सगळं जमिनीत उतरतं.

छपराखालच्या वाशांना आणि बांबूला बोरिक ॲसिड आणि बोरॅक्स वापरा. १० लिटर गरम पाण्यात ४०० ग्रॅम बोरिक ॲसिड आणि ६०० ग्रॅम बोरॅक्स पूर्ण विरघळवा आणि कोरड्या लाकडाला दिवसाआड दोनतीन हात द्या. सांध्यांत आणि कापलेल्या टोकांवर जास्त मुरवा, कारण लाकूड टोकांतून सगळ्यात जास्त पितं. पावसात भिजणाऱ्या लाकडाला मात्र हे चालत नाही, धुऊन जातं. बाहेरच्या खांबांना काजूच्या टरफलाचं तेल लावा, होड्यांना ते पूर्वापार लावत आलेत. ते कातडी भाजतं, म्हणून जाड रबरी मोजे घाला आणि चेहऱ्याजवळ हात नेऊ नका. खांब मातीत न पुरता चिऱ्यावर उभा केलात तर अर्धी वाळवी तिथेच थांबते.

मग या ऑइलचा पुनर्वापर कुठे होतो? घरी नाही, कारखान्यात. इंजिनात ऑइलचं मूळ तेल संपत नाही. त्यात घातलेली मिश्रणं, म्हणजे जादा रसायनं, खर्च होतात आणि घाण शिरते. पुनर्शुद्धीकरणात आधी पाणी उडवतात, मग निर्वातात ऊर्ध्वपातन करून मूळ तेल वेगळं काढतात, शेवटी रंग-वास घालवतात. त्यात नवी मिश्रणं घातली की पुन्हा वंगण तयार. १ एप्रिल २०२४ पासून वंगण तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्यांवर वापरलेल्या तेलाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारीही कायद्याने आली आहे. तुमच्याकडून एवढंच हवं की ऑइल त्यांच्यापर्यंत निर्मळ पोचावं.

निर्मळ म्हणजे त्यात दुसरं काही नको. इंजिन, गिअर आणि टिलरचं हायड्रॉलिक ऑइल एका कॅनमध्ये चालेल. ब्रेक ऑइल नावालाच ऑइल आहे, ते ग्लायकॉलचं असतं आणि पाणी धरतं, म्हणून वेगळं. कूलंट वेगळं. पेट्रोल किंवा थिनर मिसळलं तर ऑइल लवकर पेट घेणारं होतं आणि घेणारा अख्खा कॅन नाकारू शकतो. खाद्यतेल तर कधीच मिसळू नका. त्याचं बायोडिझेल होतं, वाट निराळी.

कॅन जाड प्लास्टिकचा, आट्याच्या झाकणाचा घ्या आणि वर दोन बोटं जागा सोडा, उन्हात तेल फुगतं. पत्र्याचा डबा खाऱ्या हवेत तळातून गंजतो आणि एके सकाळी पडवीत काळं थारोळं दिसतं. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीच भरू नका. मुलांना ती ओळखीची वाटते. चुकून कोणी प्यालंच तर उलटी करवू नका, तेल फुप्फुसात गेलं तर जास्त वाईट, सरळ दवाखान्यात न्या.

ऑइल फिल्टर लोक विसरतात. वरच्या घुमटाला खिळ्याने भोक पाडा, इंजिन कोमट असतानाच उतरवा आणि तोंड खाली करून रात्रभर कॅनवर ठेवा. नाहीतर पेलाभर ऑइल आतच राहतं.

सांडलं तर पाणी मारू नका, साबण तर नकोच, साबणाने ऑइलचे बारीक थेंब होऊन ते जमिनीत आणखी खोल जातात. कोरडा काथ्याचा भुसा, भाताचं तूस किंवा कोरडी वाळू टाका, पायाने दाबा, तासाभराने खरवडून डब्यात भरा. असं दोनदा केलं की फरशी जवळजवळ कोरडी होते. तो भुसा चुलीत घालू नका आणि भाजावळीतही (भातरोपांची जागा भाजताना) नको. राबाच्या जागी धातू राहिले तर ते तुमच्याच तरव्यात येतील.

होडीच्या इंजिनाखाली उथळ ट्रे बसवा. गळणारं ऑइल तळातल्या पाण्यात मिसळलं नाही की निम्मा त्रास संपला. मिसळलंच तर ते पाणी ड्रममध्ये एक दिवस स्थिर ठेवून वरचं ऑइल काढून घ्या. त्यात साबण पडला असेल तर ते वेगळं होणार नाही. खाडीत मात्र ओतू नका. कांदळवनाची मुळं चिखलातून वर येऊन श्वास घेतात, त्यांच्यावर ऑइलचा थर बसला की झाड गुदमरतं. तिसऱ्या (शिंपले) आणि कालवं पाणी गाळून खातात, म्हणजे त्यातली घाण थेट आपल्या ताटात येते.

देणार कुणाला? जिथे तुम्ही सर्व्हिसिंग करता त्या गॅरेजला विचारा. मोठ्या गॅरेजात ड्रम असतो आणि तो उचलणारा ठरलेला असतो. विचारायचा प्रश्न एकच, तो उचलणारा नोंदणीकृत आहे का. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांची यादी ठेवतं, मंडळाच्या तुमच्या भागातल्या कार्यालयात चौकशी करा. दारोदार फिरून चढा भाव देणाऱ्याला देऊ नका. ते ऑइल भट्टीत जळतं किंवा नुसतं गाळून नव्या कॅनमध्ये परत विकलं जातं. म्हणूनच रिकामा ब्रँडेड कॅन टाकताना लेबल फाडा आणि तळाला भोक पाडा. वाडीतल्या पाचसहा घरांनी ऑइल एकत्र केलं तर कुणी घरापर्यंत उचलायलाही येतो.

बाकीचं थोडक्यात. गाडीची आणि इन्व्हर्टरची बॅटरी दुकानदार नवीच्या किमतीत वळती करतो, उभीच न्या, ॲसिड गळलं तर खायचा सोडा टाका. मोबाइलची बॅटरी फुगली असेल तर टोकांना चिकटपट्टी लावून वाळूच्या डब्यात ठेवा. ट्यूबलाइट आणि सीएफएल बल्बमध्ये पारा असतो. फुटली तर पंखा बंद, खिडक्या उघड्या आणि १५ मिनिटं बाहेर. झाडू मारू नका, पुठ्ठ्याने गोळा करा, बारीक कण चिकटपट्टीने उचला आणि बरणीत बंद करा. रंगाचं थिनर ओतू नका. बरणीत आठवडाभर ठेवलं की रंग तळाला बसतो, वरचं पुन्हा ब्रश धुवायला चालतं. उरलेला रंग भुशात कोरडा करा. हा सगळा घरगुती घातक कचरा आहे, ओल्या-सुक्यात न घालता वेगळा द्यायचा. ग्रामपंचायतीत गोळा करायची सोय नसेल तर लेखी अर्ज द्या.

फवारणीच्या बाटल्या शेवटी सांगतो, कारण कलमांच्या बागेत त्याच सगळ्यात जास्त असतात. औषध संपताच, वाळू न देता, बाटलीत पाव भाग पाणी घालून अर्धा मिनिट हलवा आणि ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओता. असं तीनदा. मग सुऱ्याने भोक पाडा म्हणजे कुणी त्यात रॉकेल किंवा ताक भरणार नाही. विहिरीपाशी धुऊ नका आणि कलमाच्या बुंध्याशी जाळू नका. औषध ज्या दुकानातून आणता तिथे बाटल्या परत घेतात का ते विचारा. तोवर गोणीत भरून, तोंड बांधून, गोठ्यापासून लांब टांगून ठेवा.