परवाना मिळालाय, आता एकवीस फूट मोज
परवाना हातात आला, छान. आता पॉइंट ३२चं रिव्हॉल्व्हर कमरेला लावलं की निर्धास्त, असं वाटत असेल. मलाही वाटायचं. मग नेमबाजीच्या रेंजवरच्या सरांनी एकदा टेप काढून २१ फूट मोजले, माझ्या होल्स्टरमध्ये नकली रिव्हॉल्व्हर दिलं आणि समोरून एका पोराला रबरी सुरी देऊन सोडलं. मी शर्टाचा घोळ सावरतोय तोवर सुरी बरगडीला टेकलेली! हे अंतर १९८३ साली अमेरिकेतल्या डेनिस ट्यूलर या पोलिसाने लिहून मांडलं: सुरीवाला ते साधारण दीड सेकंदात कापतो.

म्हणून आधी पाय हलव. बाजूला हो, गाडी, टेबल, दार, जे मिळेल ते मध्ये घे, बोंब मार. पळता आलं तर सरळ पळ, त्यात कसली लाज? नुसतं पाकीटच मागत असेल तर देऊन टाक.

स्वसंरक्षणाच्या हक्काबद्दलची भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ नीट वाच. ३७ आणि ३८ तर दोनदा. पोलिसांकडे जायला वेळ होता, तर हा हक्क नाही. गरजेपुरतीच इजा, जास्त नाही. चोर पाठ फिरवून पळत सुटला की बोट ट्रिगरपासून लांब. घाबरवायला हवेत बार काढणं तर विसरच. ती गोळी कुठेतरी खाली येतेच.

चालवावी लागलीच तर लगेच ११२ लाव, हत्यार खाली ठेव. पोलीस येतील तेव्हा तुझे हात रिकामे दिसले पाहिजेत.