क्लासने दिलेल्या टॅबवरचं वेब फिल्टर आणि मॅनेजमेंट प्रोफाइल कसं काढायचं? कोर्स संपला आहे.

आधी एक सांगा, टॅबचे पैसे कोणी भरले? तुम्ही लिहिलं आहे की मुलीचा कोर्स संपला, क्लासवाले फोन उचलत नाहीत, यूट्यूबपासून बँकेपर्यंत काहीच उघडत नाही आणि रीसेटचं बटण दाबलंच जात नाही. बिल कोणाच्या नावावर आहे ते मात्र लिहिलं नाही. सगळं त्यावर आहे. बिल तुमच्या नावाचं आहे असं धरून पुढचं लिहिते.

मी घाटंजी तालुक्यातल्या एका गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवते. पीक विमा, पीएम किसानची केवायसी, उत्पन्नाचे दाखले, आणि मृग लागला की पोरापोरींचे प्रवेशाचे फॉर्म. असे लॉक असलेले टॅब घेऊन माणसं केंद्रात येतातच. पण तुमचा प्रश्न वाचून हातातलं काम बाजूला ठेवलं ते आमच्या घरच्या टॅबमुळे.

पुतणी अकरावीत गेली तेव्हा माझ्या भासऱ्यांनी, म्हणजे थोरल्या दिरांनी, यवतमाळला एका क्लासकडून तिच्यासाठी टॅब घेतला. फुकट नव्हता. बिलावर टॅबची किंमत वेगळी, कोर्सची वेगळी, आणि दोन्ही मिळून फायनान्स कंपनीचं कर्ज भासऱ्यांच्या नावावर. हप्ता बँकेतून आपोआप कटायचा. भाव नाही म्हणून कापूस घरात पडून होता तेव्हाही कटला, आणि खात्यात पैसे कमी पडले त्या महिन्यात वरून दंडही कटला. बारावीचा निकाल लागायच्या आत सगळे हप्ते फिटले. क्लासचं यवतमाळचं ऑफिस त्याच्या आधीच बंद झालं होतं. कोर्सचे व्हिडिओ चालेनासे झाले, लॉक मात्र जिथल्या तिथे.

तोवर भासऱ्यांना त्या लॉकचं काही वाटत नव्हतं. उलट बरंच वाटत होतं. "पोट्टीच्या हातात मोकळं नेट कायले पाह्यजे? बंद हाये तेच बरं हाये," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमच्याकडे भासऱ्यांपुढे भावजय फार बोलत नाही. ते ओसरीतून बोलायचे, मी सैंपाकघरातून जाऊबाईंना उत्तर द्यायची आणि जाऊबाई ते अर्धं गाळून ओसरीत पोचवायच्या. असा आमचा वाद दोन वर्षं चालला. आज पूर्ण उत्तर लिहिते.

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडचा, म्हणजे कॉलेजांची पसंती कळवायचा, ऑप्शन फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता. आदल्या रात्रीच्या वादळात लाइन गेलेली, केंद्रातला इन्व्हर्टर दुपारीच बसलेला. पुतणी टॅब घेऊन आली. बॅटरी भरलेली, सिममध्ये डेटा, स्क्रीन वहीएवढी मोठी. हे प्रवेश करणाऱ्या सीईटी कक्षाची साइट टाकली की पांढऱ्या पानावर एकच ओळ यायची: ही साइट तुमच्या संस्थेने ब्लॉक केली आहे. "काकू, हे पेजच उघडून नाही राह्यलं. आणि आपली कोणती संस्था हाये वो?" तिने खरंच विचारलं. तिला माहीतच नव्हतं की बापाने पैसे मोजून घेतलेल्या वस्तूवर आतून दुसऱ्याच कोणाची तरी मालकी लावलेली आहे.

शेवटी फॉर्म माझ्या मोबाइलवर भरला. वहीत तिने कॉलेजांचा क्रम लिहून आणला होता, ती लांबलचक चॉइस कोड वाचायची, मी टाकायची. मोबाइलवर तो तक्ता पूर्ण मावत नाही. कोड दिसला तर कॉलेजचं नाव कडेला लपतं, नाव बघायला सरकवलं तर पसंतीचा क्रमांक जातो. दोन कॉलेजांचे कोड शेवटच्या आकड्यापुरते वेगळे होते, एक कॉम्प्युटर, एक इलेक्ट्रॉनिक्स. ती प्रत्येक ओळ परत परत तपासत होती आणि पावसाने रेंज येत-जात होती. फॉर्म कन्फर्म झाला, आज ती अमरावतीला इंजिनिअरिंगला आहे. पण पोरीच्या चार वर्षांचा निर्णय तळहाताएवढ्या स्क्रीनवर घ्यावा लागला आणि मोठी स्क्रीन शेजारी निरुपयोगी पडून राहिली, हे मी विसरणार नाही. अभ्यासासाठी म्हणून लावलेल्या फिल्टरने अभ्यासाचंच दार बंद केलं होतं.

आता तुमच्या टॅबचं. आधी बघा की लॉक नेमकं कोणत्या जातीचं आहे. सेटिंगमध्ये सुरक्षा विभागात डिव्हाइस अ‍ॅडमिन अ‍ॅपची यादी असते. क्लासचं अ‍ॅप फक्त तिथे असेल तर टिक काढा आणि अ‍ॅप अनइन्स्टॉल करा, विषय संपला. खात्यांच्या विभागात वर्क प्रोफाइल (संस्थेसाठी केलेला वेगळा कप्पा) दिसत असेल तर तेही तिथूनच काढता येतं, त्याच्यासोबत त्यातली अ‍ॅप आणि फायली जातात. नुसत्या साइट अडत असतील तर नेटवर्कमध्ये जाऊन व्हीपीएन आणि प्रायव्हेट डीएनएस बघा, साइट या दोन सेटिंगमधूनही अडवता येतात. प्रायव्हेट डीएनएस अँड्रॉइड ९ पासून तिथेच असतं. आणि घरच्या वायफायवर अडतं पण सिमच्या नेटवर अडत नाही असं असेल तर दोष टॅबचा नाहीच, राउटरचा आहे.

पण तुम्ही म्हणता रीसेटही बंद आहे. म्हणजे ही चौथी जात, डिव्हाइस ओनर. टॅब नवा असताना, त्यात कोणाचंही खातं टाकायच्या आधी, संस्थेने स्वतःला मालक म्हणून बसवून घेतलेलं असतं. लॉक स्क्रीनवर खाली बारीक अक्षरात टॅब संस्थेचा असल्याचं लिहिलेलं असेल, बघा. हे सेटिंगमधून निघत नाही. बाहेरची बटणं दाबून रिकव्हरीतून पुसलं तर काही टॅबचं निघतं. पण ज्यांचा आयएमईआय (सिमच्या प्रत्येक टॅब-फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) किंवा सिरियल नंबर संस्थेने गूगलच्या झीरो-टच किंवा सॅमसंगच्या नॉक्स नोंदणीत टाकून ठेवला आहे, त्यांचं निघत नाही. ती नोंद टॅबमध्ये नसते, दूर सर्व्हरवर असते. टॅब कितीही धुतला तरी नेट जोडलं की तो विचारतो मी कोणाचा, आणि तिकडून उत्तर येतं त्याच संस्थेचा.

आमच्या पुतण्याने नेमकं हेच अनुभवलं. फॉर्मचा प्रकार झाल्यावर तो कोणाला न सांगता टॅब घेऊन एका मोबाइलवाल्याकडे गेला. त्याने फ्लॅश मारला, म्हणजे सिस्टिम नव्याने टाकली, नेट न जोडताच सुरू करून दाखवला, नवाकोरा, आणि पैसे घेतले. घरी आणून वायफाय जोडलं. थोड्या वेळाने टॅब आपोआप पुसला गेला आणि सुरुवातीच्याच पानावर त्याच क्लासचं नाव. गेलेले पैसे गेले. म्हणून स्पष्ट सांगते, पाचशे-हजारात बायपास करून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. कुठून उतरवलेल्या फायली टाकतात ते त्यांनाही ठाऊक नसतं. त्याच टॅबवर उद्या तुम्ही बँकेचा ओटीपी मागवणार. बूटलोडर (टॅब सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरचं कुलूप) उघडलेल्या टॅबवर बँकेची अ‍ॅप बहुतेक चालतही नाहीत, आणि सॅमसंगमध्ये असं काही केलं की नॉक्स सुरक्षेचा आतला फ्यूज उडतो तो कायमचाच.

मी काय केलं ते सांगते, तुम्हीही तेच करा. बिल शोधलं. फायनान्स कंपनीकडून कर्ज फिटल्याचं नो ड्यूज पत्र मागवलं. टॅबच्या मागच्या स्टिकरवरून आयएमईआय आणि सिरियल नंबर उतरवला, कारण तो नंबर दाखवणारा कोड दाबायला लॉक टॅबमध्ये डायलरच नव्हता. मग क्लासच्या मुख्य ऑफिसला ईमेल, आणि तोच मजकूर स्पीड पोस्टाने, पोच जपून ठेवून. पत्रात एक वाक्य नेमकं लिहा: या नंबरची नोंद एमडीएममधून आणि एनरोलमेंट पोर्टलमधून, दोन्हीकडून काढावी. एमडीएम म्हणजे टॅब दुरून ताब्यात ठेवणारं सॉफ्टवेअर, एनरोलमेंट पोर्टल म्हणजे वर सांगितलेली झीरो-टच किंवा नॉक्सची नोंदणी. नुसतं एमडीएममधून काढलं तर आज टॅब मोकळा दिसतो आणि पुढच्या रीसेटला पुन्हा अडकतो. मोकळं करा एवढंच लिहिलं तर समोरचा सोपं तेवढंच करतो.

ईमेलला उत्तर आलं नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवली. तो नंबर टोल फ्री आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे, पूर्ण पैसे घेऊन वस्तू वापरू न देणं ही त्यात तक्रारच आहे, आणि पुढे जायची वेळ आली तर जिल्हा ग्राहक आयोग यवतमाळलाच आहे. तेवढी वेळ आली नाही. तक्रारीनंतर क्लासच्या मुख्य ऑफिसकडून फोन आला, कागद मागितले, मी ते तयारच ठेवले होते. काही दिवसांनी नोंद काढल्याचा ईमेल आला. टॅब रीसेट केला, नेट जोडलं, आणि भाषा निवडायच्या पानानंतर थेट गूगलचं खातं विचारलं. क्लासचं नाव कुठेच नाही.

तुमच्या क्लासची कंपनी खरोखर बुडाली असेल तर दोन वाटा आहेत. ज्या घाऊक विक्रेत्याने तिला टॅब पुरवून नोंदवले, त्यालाही ती नोंद काढता येते, बिलावर त्याचं नाव सापडतं का बघा. आणि कंपनी दिवाळखोरी कायद्याखाली गेली असेल तर तिचा कारभार रिझोल्यूशन प्रोफेशनल बघतो, पत्र त्याच्या नावाने पाठवा. आयपॅड असेल तर सेटिंगच्या जनरलमध्ये व्हीपीएन आणि डिव्हाइस मॅनेजमेंट उघडा. मॅनेजमेंट काढायचं बटण दिसलं तर काढा. सेटिंगमध्ये अगदी वर आयपॅड सुपरवाइज्ड, म्हणजे संस्थेच्या ताब्यात, असल्याचं लिहिलेलं असेल तर बहुतेक वेळा वरचाच पत्राचा रस्ता.

टॅब मोकळा झाला त्या संध्याकाळी भासरे जाऊबाईंना म्हणाले, "सारंच कायले काढलं? फिल्टर तं ठेवाचं होतं." ते वाक्य मला लागलं, आणि तुमच्याही घरी कोणी ना कोणी हेच म्हणणार आहे. माझं म्हणणं असं. फिल्टर वाईट नाही. लहान लेकराच्या टॅबवर मी स्वतः लावते. गूगलचं फॅमिली लिंक फुकट आहे, आईबापाच्या फोनवरून चालतं, साइट अडली आणि लेकराने परवानगी मागितली की ते आईबापाला दिसतं आणि गरज पडली तर तिथल्या तिथे उघडता येते. त्याहून सोपं हवं तर प्रायव्हेट डीएनएसमध्ये क्लाउडफ्लेअरचा कुटुंबासाठीचा पत्ता टाका, अश्लील साइट बंद होतात, सीईटी कक्ष, बँक, शिष्यवृत्तीचं पोर्टल सगळं चालू राहतं. पण यात किल्ली घरात असते. क्लासच्या फिल्टरची किल्ली अशा माणसाकडे होती ज्याने आमच्या पोरीला कधी पाहिलं नाही आणि जो ऐन वेळी फोन उचलत नव्हता. त्याला संस्कार म्हणायचं का?

आणि दुसरं. त्याच घरात पुतण्याच्या फोनवर कधी कसलंच फिल्टर नव्हतं. तो पुतणीपेक्षा लहान आहे. रात्री उशिरापर्यंत रील बघतो, त्यावर ओसरीत कोणी अवाक्षर काढत नाही. मुलीसाठी जे धोक्याचं तेच मुलासाठी करमणूक कसं होतं? काळजीच असेल तर दोघांच्या फोनवर एकच नियम लावा, मी पहिली हात वर करीन. नाहीतर ते फिल्टर नेटवर नाही, पोरीवर लावलेलं आहे. हे जाऊबाईंनी ओसरीत पोचवलं नव्हतं. भासरे आता मोबाइलवर बरंच वाचतात, हेही वाचतील. त्यांनी पोरीसाठी हप्ते भरले, दंड भरला, स्वतःसाठी साधा नवा फोन घेतला नाही, ते मी जाणते. त्याच माणसाकडून ही अपेक्षा आहे.

काही गोष्टी राहिल्या. टॅब शाळेने वापरायला दिलेला असेल, किंवा नागपूरच्या महाज्योतीसारख्या संस्थेने प्रशिक्षणासाठी दिला असेल, तर त्यांच्या अटी लागू आहेत. तिथे मोडतोड करू नका, हवी ती साइट उघडून द्या असा अर्ज करा. बाजारातून बिलाशिवाय जुना घेतला असेल तर सरकारच्या संचार साथीच्या साइटवर आयएमईआय टाकून बघा, चोरीचा निघाला तर लॉक काढायचा प्रश्नच येत नाही. आणि मोकळा झाला तरी घाईने रीसेट मारू नका. आधी फोटो, नोट्स, सर्टिफिकेटं काढून घ्या, आणि टॅबमध्ये टाकलेल्या गूगल खात्याचा पासवर्ड आठवतो का तपासा. रिकव्हरीतून पुसलं तर अँड्रॉइड जुनं खातं मागतं, आणि तो पासवर्ड क्लासच्या पोराने बनवलेला असेल तर त्याचा वेगळा अर्ज त्याच पत्रात जोडा.