व्हॅक्यूम चकसाठी जुना पंप घेताना

तुमच्यासमोर तीन जुने पंप आहेत: एसी मेकॅनिककडचा टू-स्टेज (दोन टप्प्यांत हवा ओढणारा, तेलावर चालणारा), ऑफसेट छापखान्यातून निघालेला कोरडा, कार्बनच्या व्हेनचा (फिरत्या रोटरच्या खाचांत सरकणाऱ्या पट्ट्यांचा), आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर. काम एकच, लाकडी वाडग्याचं बूड कातताना तो लेथवर व्हॅक्यूम चकने, म्हणजे हवा ओढून वाडगा चिकटवून ठेवणाऱ्या पकडीने, धरून ठेवणं. माझं मत छापखान्याच्या पंपाला, पण तो उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

एसीवाला 'इतक्या मायक्रॉनपर्यंत ओढतो' म्हणेल (मायक्रॉन म्हणजे आत उरलेल्या हवेच्या दाबाचं माप), त्याला भुलू नका. लाकडाच्या नळ्यांची तोंडं जिथे उघडी पडतात तिथून हवा सतत आत शिरते. म्हणजे पंपाला बंद भांडं रिकामं करायचं नसतं, गळतीच्या पुढे राहायचं असतं. मिनिटाला 100 लिटरच्या आसपास हवा ओढणारा आणि गेजवर 20 इंच पारा (व्हॅक्यूमचं माप; पुढे नुसतं 'इंच') टिकवणारा पंप पुरतो. 15 सेंमी व्यासाच्या चकचं क्षेत्रफळ 177 चौ. सेंमी, त्यावर 20 इंचाला सुमारे 120 किलोची पकड मिळते. 7.5 सेंमीच्या चकवर तीच पकड 30 किलोवर येते, म्हणून लहान चकचा भरवसा कमी धरा.

फ्रिजचा कॉम्प्रेसर इथेच बाद होतो. 6 घन सेंमीचा सिलिंडर आणि मिनिटाला 2,900 फेरे म्हणजे कागदावरच 17 लिटर. एसीचा पंप प्रवाहात पुरेल, पण तो बंद नळ्या ओढायला बनवलेला असतो. अर्धा तास गळती ओढत ठेवला की एक्झॉस्टमधून तेलाचा धूर निघतो, तेल कमी होतं, पंप तापतो. ओलसर लाकूड असेल तर तेल ताकासारखं पांढरं होतं. घ्यायचाच असेल तर एक्झॉस्टचा पाइप बाहेर काढा. पॉलिश लावायच्या वाडग्यावर तेल बसलं तर डाग पडतात.

छापखान्याचा पंप बघताना बाजूचं झाकण उघडा. व्हेन खाचेतून बोटाने सहज सरकल्या पाहिजेत. कागदाच्या धुळीत ओल गेली की त्या चिकटतात. स्वच्छ केल्या की बहुधा सुटतात. कोपरे तुटलेले किंवा उंची झिजलेली असेल तर व्हेन बदलता येतात. सिलिंडरच्या आतून मात्र नख फिरवा. पत्र्याच्या छपरासारख्या बारीक लाटा लागल्या तर पंप सोडून द्या, नव्या व्हेनही तिथे खडखडतच राहतील. आत तेल मारलेलं दिसलं तरी सावध व्हा. कोरड्या पंपात तेल गेलं की कार्बनच्या भुकटीचा चिखल होतो, आणि विकणारे 'मोकळा झाला' दाखवायला हमखास तेल मारतात. मोटरची पाटीही वाचा, बहुतेक थ्री-फेज असते.

मग गेज थेट तोंडावर लावून चालवा. छापखान्याच्या पंपावर व्हॅक्यूमचा रेग्युलेटर असतो. काटा मध्येच अडकला तर आधी रेग्युलेटर घट्ट करून बघा. अर्धा तास चालवून गरम झाल्यावर आकडा पुन्हा घ्या. थंड असताना 24 आणि गरम झाल्यावर 17 दाखवणारा पंप कामाचा नाही. पुण्यात हवेचा दाबच सुमारे 28 इंच आहे, त्यामुळे तिथे कुणी 29.5 दाखवत असेल तर गेज खोटं आहे.

प्रवाह मोजायला कॉम्प्रेसरची 24 लिटरची लोखंडी टाकी जोडा. 15 इंचाला पोचायला 10 सेकंदांच्या आत लागले तर प्रवाह 100 लिटरच्या वर आहे. प्लास्टिकचा जार किंवा काचेची बरणी वापरू नका, आत चेपते, फुटते.

तीच टाकी नंतर कायम ठेवा: पंप, चेक व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा), टाकी, फिल्टर, चक, या क्रमाने. आपल्याकडे वीज कधीही जाते. लेथ फिरतच असतो आणि पंपातून हवा उलटी शिरून वाडगा सुटतो. टाकी असेल तर लेथ थांबेपर्यंत पकड टिकते. तरीही बुडाच्या मध्यावर उरलेलं टोक काढेपर्यंत टेलस्टॉक (समोरून वाडग्याला टेकू देणारा लेथचा भाग) लावलेलाच बरा.

जोडणी झाल्यावर चकवर आधी सनमायका लावलेला तुकडा ठेवा. तुकड्यावर 24 आणि वाडग्यावर 14 दिसले तर गळती लाकडात आहे; वाडग्याला बाहेरून क्लिंग फिल्म गुंडाळली की काटा वर जातो. एमडीएफचा चक स्वतःच हवा सोडतो, त्याला आतून इपॉक्सीचे दोन हात द्या. फिल्टर आणि चकच्या मध्ये टी-जोडावर बाहेरची हवा आत घेणारा एक बॉल व्हॉल्व्ह ठेवा. 3 मिमी भिंतीचा रुंद वाडगा पूर्ण ओढीने आत चेपतो. अशा वेळी व्हॉल्व्ह थोडा उघडून काटा 10 वर आणायचा आणि मगच हत्यार लावायचं.