पावसाळ्यात फोंड्यात (गोवा) डीडी फ्री डिशचं चित्र सारखं अडकतं, काय करावं?

दरवेळी ढगांनाच दोष देऊ नका. आधी थाळीची दिशा तपासा. फ्री डिशचा जीसॅट-15 उपग्रह 93.5 अंश पूर्वेला आहे. गोव्यातून तो आग्नेयेला, उत्तरेपासून साधारण 127 अंशांवर आणि क्षितिजापासून 61 अंश वर येतो. ऑफसेट थाळी (घरोघरी असते ती, एलएनबी मध्यभागी नसून खालच्या दांड्यावर असलेली) मात्र दिसते त्यापेक्षा बरीच वर बघत असते, त्यामुळे समोरून नव्हे, वरून आड येणारी माडाची झावळ पाहा. वाऱ्यात झावळ हलली की चित्र तुटतं.

बॉक्समध्ये फ्रिक्वेन्सी 11090, पोलरायझेशन व्हर्टिकल, सिम्बॉल रेट 29500 टाका. नट अर्धवट सैल करून थाळी अगदी थोडी हलवा आणि 2-3 सेकंद थांबा, कारण टीव्हीवरचा सिग्नल मीटर उशिरा दाखवतो. 'स्ट्रेंग्थ' नव्हे, 'क्वालिटी' वाढवायची. मग एलएनबी (थाळीसमोरच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा भाग) जागेवरच किंचित फिरवून पाहा. हे बहुतेक जण विसरतात. उन्हात काठावर असलेली क्वालिटी पावसात टिकत नाही.

दिशा ठीक असेल तर एलएनबीकडचा एफ-कनेक्टर (केबलच्या टोकाचा फिरवून बसवायचा जोड) उघडा. तांब्याची तार हिरवी किंवा काळी पडली असेल तर आत पाणी गेलंय. आरजी-6 केबलचा (थाळीकडून बॉक्सकडे येणारी केबल) खराब भाग कापून नवा कनेक्टर लावा, वर रबरी टेप गुंडाळा आणि केबलला खाली झोका ठेवा, म्हणजे पाणी तिथूनच गळेल. खारी हवा नटही खाते, स्टेनलेस स्टीलचे वापरा.

मुसळधार सरीत दहा मिनिटं चित्र गेलं तर तो पाऊसच, त्याला इलाज मोठी थाळी.