वनस्पतीजन्य घटक निवडताना आधी आपली त्वचा बघ

‘नैसर्गिक आहे म्हणजे चालेलच’ हा समज आधी सोडून दे. लिंबाचा रस नैसर्गिकच आहे, पण त्याचा पीएच (आम्लता मोजण्याचं माप) २ च्या आसपास असतो, म्हणजे तो खूपच आम्लधर्मी आहे. तो लावून उन्हात गेलीस तर त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडू शकतात.

तुझी त्वचा तेलकट असेल, मुरुमंही येत असतील, तर खोबरेल तेल चेहऱ्यावर नको. त्याने रंध्रं बुजू शकतात. तेल लावायचंच असेल तर जोजोबा या झुडपाच्या बियांचं तेल बघ. ते खरं तर द्रवरूप मेण आहे आणि त्वचेतल्या तेलाशी बरंच मिळतंजुळतं, त्यामुळे हलकं वाटतं. टी ट्री ऑइल (एका ऑस्ट्रेलियन झाडाच्या पानांचं तेल) मुरुमांवर उपयोगी पडतं, पण ५ टक्के प्रमाणाच्या जेलमधून. निव्वळ तेल थेट कधीच लावू नकोस.

कोरफडीबद्दल जरा सविस्तर सांगते. पान कापलं की सालीलगत पिवळा चीक दिसतो, त्याने खाज सुटू शकते. पान उभं धरून तो पूर्ण निथळू दे, गर धुऊन घे, मगच लाव.

कोरड्या त्वचेला नुसती कोरफड पुरत नाही. वरून सूर्यफुलाचं तेल किंवा शिया बटर (शिया झाडाच्या बियांमधला घट्ट स्निग्ध पदार्थ) हवंच. संवेदनशील त्वचेसाठी मला ओट्सयुक्त क्रीम सगळ्यात भरवशाचं वाटतं. डागांसाठी ज्येष्ठमधाचा अर्क चांगला, पण सोबत सनस्क्रीन नसेल तर मेहनत वाया.

आणि हो, एका वेळी एकच नवा घटक. तोही आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर रोज थोडासा लावून बघ.