वाचक विचारतात : खेड्यातलं स्टेशन

प्रश्न : आमच्या स्टेशनात एक्स्प्रेस बहुतेक रोज दहा-पंधरा मिनिटं उभी असते. लोक चढतात-उतरतातही. मग अधिकृत थांबा द्यायला रेल्वेचं काय जातं? (सांगोला तालुका)

ती गाडी तुमच्यासाठी थांबलेली नसते, क्रॉसिंगसाठी थांबलेली असते. एकेरी मार्गावर समोरून गाडी येत असेल तर दोघींपैकी एकीला लूपवर (स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर) घेऊन दुसरीला वाट द्यावी लागते. समोरची उशिरा धावत असेल, त्या दिवशी क्रॉसिंग दुसऱ्याच स्टेशनात होतं आणि तुमची एक्स्प्रेस मेन लाइनवरून धडधडत निघून जाते. असा थांबा वेळापत्रकात छापणार कसा?

मंजूर थांबा मात्र रोज पाळावा लागतो. कागदावर दोन मिनिटं असली, तरी वेग कमी करणं आणि पुन्हा पकडणं धरून त्याहून बराच जास्त वेळ जातो. लूपवर घ्यायची तर गाडी रूळ बदलते त्या सांध्यांवरून ताशी 15 किंवा 30 किलोमीटरनेच जावं लागतं. शिवाय फलाट. उंच फलाट रुळापासून 760 ते 840 मिलिमीटर असतो, मधला 455, आणि खेड्यात पुष्कळदा रुळाच्या पातळीवरचाच. तिथे म्हाताऱ्या माणसाला डब्याच्या शेवटच्या पायरीवरून अक्षरशः उडी मारावी लागते. क्रॉसिंगच्या वेळी उलट्या बाजूला तर कधीच उतरू नका. समोरची गाडी त्याच बाजूने न थांबता जाते.

थांब्यासाठी अर्ज विभागीय रेल्वे व्यवस्थापकांकडे करावा. मंजुरी रेल्वे बोर्डाची लागते. निवेदनावरच्या सह्यांपेक्षा तुमच्या खिडकीवर विकलेली तिकिटं जास्त बोलतात. गावातली माणसं शेजारच्या मोठ्या स्टेशनातून तिकीट काढत असतील, तर ती विक्री त्या स्टेशनाच्या नावावर जमा होते.

प्रश्न : हॉल्टवर तिकीट देणारा गावातलाच माणूस आहे, गणवेशही नाही. तिकीट खरं असतं का? (माढा तालुका)

अगदी खरं. तो हॉल्ट एजंट. पगार नाही, विक्रीवर कमिशन. तिकिटं तो जवळच्या स्टेशनातून आणतो, म्हणून यात्रेच्या दिवसांत ती कधी संपतात. असल्या हॉल्टवर स्टेशनमास्तर नसतो, सिग्नल नसतात, आरक्षणही होत नाही. खिडकी बंद असेल तर गाडीत चढण्याआधी गार्डला गाठा (2022 पासून त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात) आणि विनातिकीट चढण्याचा दाखला मागून घ्या. दाखला नसेल तर तपासनीस दंड लावणारच. मोबाइलवरून अनारक्षित तिकीट काढायचं असेल तर स्टेशनाच्या हद्दीबाहेरूनच काढा; फलाटावर आल्यावर, स्टेशनात लावलेला क्यूआर कोड स्कॅन केल्याशिवाय, अ‍ॅप नकार देतं. आणि 199 किलोमीटरपर्यंतच्या तिकिटावर तीन तासांच्या आत किंवा पहिल्या गाडीने निघावं लागतं.

प्रश्न : कुर्डुवाडीला आजोबा 'बार्शी रोड' म्हणत. बार्शी तर लांब! (बार्शी)

नावात 'रोड' म्हणजे गाव तिथे नाही, गावाची वाट तिथून फुटते. कोकणातलं सावंतवाडी रोड तसंच. मुख्य मार्ग बार्शीला टाळून गेला, म्हणून 1897 साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरने तिथून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची छोटी गाडी सुरू केली. पुढे ती 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर आणि 1927 ला मिरजेला पोचली. रूळ यार्डाला 30 पौंडांचा, म्हणजे मीटरला जेमतेम 15 किलो. आज मुख्य मार्गावर 60 किलोचा असतो. इतक्या हलक्या रुळावर भरपूर माल ओढता आला, कारण कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार पडणार नाही असा त्याने हिशेबच बांधला होता. 1954 साली ही रेल्वे सरकारने घेतली. आता सगळा मार्ग ब्रॉडगेज आहे. (हाच कॅलथ्रॉप पुढे विमानांसाठी पॅराशूट बनवू लागला.)

प्रश्न : पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीची उंची कशाला? चालक ती पाहून इंजिनाचा जोर ठरवतो म्हणे. (लातूर)

साफ चूक. तो आकडा मार्ग आखतानाच्या मोजणीचा आहे. चालकाला चढ-उतार पाठ असतात, आणि रुळालगत चढाचे खांबही असतात. स्टेशनात मात्र चढ जवळजवळ नकोच असतो. 400 मीटरला एक मीटर ही कमाल मर्यादा आहे, आणि 1200 ला एक असावा अशी शिफारस आहे. नाहीतर ब्रेक सुटलेली वाघीण (मालगाडीचा डबा) आपोआप चालू लागते.